कोकणात एकटं राहायचं असेल तर: बंद घर, पाण्याची विहीर आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार

कोकणात एकटं राहायला जायचं मनात असेल तर कधी जायचं ते आधी ठरवा, कुठे राहायचं ते नंतर. दिवाळी सरली, भात झोडून घरात आलं, पायवाटा सुकल्या की जावं. कार्तिकापासून वैशाखापर्यंतचा काळ नवख्या माणसाला सांभाळून घेतो. हवा बरी असते, होळीपर्यंत तरी विहिरींना पाणी असतं, आणि एखादी गोष्ट चुकली तर सुधारायला सवड मिळते. पावसाच्या ओढीने थेट आषाढात येऊन राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. पंधरवड्यात अंथरुणाला बुरशी धरते, वीज जाते, ओली लाकडं पेटत नाहीत, आणि सगळा दिवस ओलं सुकवण्यात संपतो. एकट्याने पावसाळा काढायचा असेल तर त्याआधीचा उन्हाळा-हिवाळा त्याच घरात काढलेला असावा.

चार दिवसांच्या सुट्टीसाठी हे लिहिलेलं नाही. शहरातलं काम थांबवून किंवा निवृत्तीनंतर काही महिने मोजक्या गरजांत, रानाच्या किंवा समुद्राच्या जवळ, स्वतः रांधून, धुऊन, झाडून राहायचं आहे, अशांसाठी आहे. आणि एक गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगतो: निर्मनुष्य जागा शोधू नका, वाडीच्या टोकाचं घर शोधा. मोठ्याने हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर एक तरी चूल पेटती असू द्या. रत्नागिरीजवळच्या पावस गावचे संत स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं गावातल्याच एका घरात राहिले. एकांतासाठी त्यांना रान गाठावं लागलं नाही. आपल्याला तर साधनेच्या वाटेचा अनुभवही नसतो. मग सोबतीला वस्ती असलेली बरी.

निघण्याआधी

घरच्यांना सांगून जा. किती महिने जाणार, कोणत्या दिवशी फोन करणार, फोन आला नाही तर त्यांनी कोणाला विचारायचं, हे कागदावर लिहून द्या. न सांगता निघून गेलेल्या माणसाच्या मागे घर जळत राहतं, आणि त्या माणसालाही तिकडे स्वस्थता लाभत नाही.

का जातो आहोत हेही स्वतःला विचारा. कामाचा शीण असेल, गोंगाटाचा वीट आला असेल, वाचायचं-लिहायचं असेल, नामस्मरण करायचं असेल, तर एकांत मानवतो. पण मन खचलेलं असेल, झोप उडालेली असेल, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर एकटेपणाने ते वाढतं. अशा वेळी आधी डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. बरं वाटल्यावर कोकण आहेच.

एकदम सहा महिन्यांचा विचार करण्याआधी त्या भागात एक महिना राहून बघा. तोही शक्यतो एप्रिल-मेमध्ये, त्याचं कारण पाण्याच्या भागात येईल.

कुठलं कोकण?

किनारा, खाडीकाठ, सडा आणि सह्याद्रीचा पायथा ही चार वेगवेगळी बिऱ्हाडं आहेत. ऐन किनाऱ्यावर खारा वारा, वाळू आणि पर्यटक. अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली इथे शनिवार-रविवारी एकांत विसरावा. किनाराच हवा असेल तर राजापूर तालुक्यातली आंबोळगडची बाजू किंवा वेंगुर्ल्याच्या दक्षिणेची छोटी गावं बघा, आणि त्यातही रस्त्यापासून आत वळलेल्या वाड्या.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, पावसाळ्यात फुलांचे गालिचे असतात, आणि माणूस दिसला तर दिसला. पण मे महिन्यात तो कातळ तापतो आणि पाणी दूर जातं. सह्याद्रीच्या पायथ्याची गावं हिरवी आणि थंड खरी, मात्र तिथे पाऊस फार आणि दरडींचं भय मोठं. दोडामार्गच्या बाजूला हत्तीही येतात.

मला स्वतःला खाडीकाठ सगळ्यात राहण्याजोगा वाटतो. समुद्राचा मार नसतो, मागे डोंगर असतो, मासळी मिळते, आणि भरती-ओहोटीमुळे दिवसाला आपसूक लय येते. वाशिष्ठी, काजळी, अर्जुना, वाघोटण, कर्ली, कुठलीही खाडी धरा.

गाव निवडताना आणखी एक साधी खूण सांगतो. वस्तीची एसटी आहे का ते विचारा. रात्री मुक्कामाला येऊन सकाळी तालुक्याला जाणारी गाडी ज्या गावात आहे तिथे गाडीवाल्याबरोबर औषध मागवता येतं, निरोप पाठवता येतो, स्वतःचं वाहन लागत नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते, पण स्टेशनं बहुतेक गावांपासून आत डोंगराच्या बाजूला आहेत. स्टेशन ते गाव हा शेवटचा टप्पा आधी तपासा.

बंद घर मागा, जमीन घेऊ नका

कोकणातल्या जवळपास प्रत्येक वाडीत कुलूप लावलेली घरं आहेत. मालक मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत. घर उघडतं ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. कौलारू घराला माणसाची वस्ती लागते. कौलं सरकतात, वानरं उड्या मारून ती फोडतात, पाणी आत येतं, वासे कुजतात, वाळवी लागते. रोज चूल पेटली की धूर वाशांना लागतो आणि कीड दबून राहते, हे गावातला कुठलाही म्हातारा सांगेल. म्हणजे तुम्ही राहिलात तर घरमालकाचंही भलं होतं. भाड्यापेक्षा हा मुद्दा त्याच्याशी बोलताना पुढे ठेवा.

घर मिळतं ते ओळखीतून. वाण्याच्या दुकानात विचारा, पोस्टमनला विचारा, शाळेतल्या गुरुजींना विचारा. पोस्टमनला कुठलं घर किती वर्षं बंद आहे ते घरमालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मालक भेटला तरी थांबा. घर बहुतेक वेळा सामाईक असतं, चार भाऊ आणि त्यांची मुलं. सगळ्यांची संमती घ्या, नाहीतर मे महिन्यात एखादा पुतण्या येऊन दारात उभा राहतो आणि त्याचंही चुकत नसतं. करार लेखी करा, नोंदवा, आणि पोलीस पाटलांना स्वतः जाऊन भेटा. आपण कोण, कुठले, किती दिवस राहणार, हे त्यांच्या कानावर असलं म्हणजे निम्म्या शंका तिथेच मिटतात.

जमीन घेण्याची घाई कशाला नको? शेतजमीन विकत घ्यायला महाराष्ट्रात खरेदीदार शेतकरी असावा लागतो. कूळकायद्यातली, म्हणजे १९४८ च्या कायद्यातली ही अट आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती टळत नाही. कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची रांग असते, त्यातले निम्मे परगावी, काही हयात नाहीत. किनाऱ्यालगत बांधायचं तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. रानात किंवा देवराईत झोपडी टाकून राहणं तर बेकायदेशीर आहेच, आणि देवराईतली सुकी काटकीही उचलायची नसते. साधं राहायला आलेल्या माणसाने तलाठी कार्यालयाच्या खेपा घालण्यात पहिलं वर्ष घालवू नये.

घर बघायला भर दुपारी जा. दारं-खिडक्या लावून माजघरात उभे राहा आणि वर बघा. कौलांतून जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. मग भिंतींवर तपकिरी ओघळ कुठपर्यंत आलेत ते बघा, ती गेल्या पावसाची नोंद आहे. कोयतीच्या टोकाने दोन-चार वासे टोचा. टोक सहज रुतलं आणि भुसा पडला तर त्या खोलीत झोपायचं नाही. नैऋत्येकडच्या पडवीला आडोसा आहे का, छपरावर माड झुकलाय का, परसामागे डोंगर कापून काढलेली उभी दरड आहे का, हेही पाहा. दरड असेल तर घर कितीही देखणं असो, सोडून द्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. उताराच्या पायथ्याशी झोपणाऱ्याने ते विसरू नये.

न्हाणी आणि संडास चालू स्थितीत हवेत, आणि संडास विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हवा. वीज असेल तर मीटर कोणाच्या नावावर आहे आणि बिल थकलेलं आहे का ते विचारा.

पाणी एप्रिलात बघायचं

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर येतात. कारण जांभा. हा दगड सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं, उताराने व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, आणि व्हाळातून समुद्राला जातं. दिवाळीत हाताने कळशी बुडवता येईल अशी भरलेली विहीर होळीनंतर झपाट्याने खाली जाते. म्हणून डिसेंबरात विहीर बघून घर ठरवणं धोक्याचं. एप्रिलच्या शेवटी जी विहीर पाणी देते ती खरी.

तेव्हा जाता आलं नाही तर पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, घरमालकाला नको. "मे महिन्यात पाणी कुठून आणता?" असा प्रश्न विचारा. "विहिरीला पाणी असतं का?" असं विचारलं तर उत्तर होच येतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हा चवीची चौकशीही त्याच वेळी करा.

राहायला लागल्यावर पाणी कळशीने मोजायची सवय लावा. पहाटे विहिरीवर जाऊन पाच-सहा कळश्या भरल्या की एकट्याचं पिणं, रांधणं, आंघोळ, भांडी भागतात. न्हाणीचं पाणी अळवाला, केळीला सोडा. रहाटाचा दोर, पोहरा आणि विहिरीचा कठडा महिन्याला एकदा तपासा. एकटं असताना विहिरीत वाकून काही काढायला जाऊ नका. पोहरा पडला तर शेजाऱ्याला बोलावून गळाने काढा. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ होतं. ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची पावडर मिळते, ती किती टाकायची ते पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारून टाका, आणि पावसाळाभर पाणी उकळून प्या.

वाडीशी नातं

पहिल्या आठवड्यात सगळी वाडी तुम्हाला विचारणार. मालवणी मुलुखात असाल तर "एकटेच रवतास? भिया वाटना नाय?" आणि रत्नागिरीकडे "पाहुणे कोणाकडचे?" हा अडथळा समजू नका. एकट्या माणसाबद्दल त्यांना काळजी असते आणि शंकाही, दोन्ही रास्त. खरं आणि थोडक्यात सांगा: "काही महिने शांत राहायला आलोय, अमक्यांच्या घरात आहे." लपवाछपवी केलीत की तर्क सुरू होतात आणि मग एकांत उरत नाही.

भेटीगाठींची वेळ तुम्हीच ठरवा. संध्याकाळी दिवेलागणीपूर्वीचा तासभर ओटीवर बसा. त्या वेळी येणाऱ्याला चहा द्या, गप्पा मारा. सकाळी दार ओढून घेतलेलं असलं की काम चालू आहे, हे वाडीला दहा-बारा दिवसांत समजतं आणि ती ते पाळते. मला गावाबद्दल याचंच सर्वांत अप्रूप वाटतं. कोण केव्हा उठतो, कोणाच्या चुलीचा धूर आज दिसला नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी तुमच्या बसण्याला कोणी धक्का लावत नाही.

ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन नारळ ठेवा. तुमची श्रद्धा असो नसो, तिथे गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा गाव तुम्हाला आपल्यात धरतं. कोणी फणस आणून दिला तर रिकामं भांडं परत पाठवू नका, गूळ, साखर, काहीतरी घालून पाठवा. आणि एका घराशी पक्कं ठरवून ठेवा: सकाळी नऊपर्यंत माझं दार उघडलेलं दिसलं नाही तर येऊन बघा. एकट्या राहणाऱ्या बाईने तर हे पहिल्याच दिवशी ठरवावं. तिच्यासाठी शेजारचं घर कर्त्या बाईचं असावं आणि पडवीला आतून कडी असावी.

बिऱ्हाड मांडणं

सामान दोन फेऱ्यांत हाताने नेता येईल एवढंच न्या. खाट किंवा बाज, मच्छरदाणी, दोन चादरी, एक घोंगडी, एक तवा, दोन पातेली, पळी, विळी, दोन कळश्या, कोयती, चांगली बॅटरी, कंदील, बॅटरीवर चालणारा रेडिओ, दोर, छत्री, पायात घट्ट बसणारे बंद बूट. खाट आणि मच्छरदाणी यांत तडजोड नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपलं की तो धोका जवळजवळ टळतो.

चूल आणि पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर, दोन्ही ठेवा. आंघोळीचं पाणी आणि भात चुलीवर, पावसाळी पहाटेचा चहा गॅसवर. चूल पेटवायला सोडणं, म्हणजे नारळाची सालं, लागतात. सुकलेल्या सोडणाचा काथ्या हाताने पिंजायचा, त्याच्यावर झावळीच्या सुक्या पात्या आडव्या ठेवायच्या, खालून काडी लावायची आणि पात्यांनी पेट घेतला की करवंटीचे दोन तुकडे. करवंटी धरली की मगच जाड लाकूड. रॉकेल ओतायची गरज पडत नाही. राख टाकू नका, भांडी घासायला आणि भाजीच्या वाफ्यात ती लागते.

जमीन मातीची असेल तर पंधरा दिवसांनी शेणाने सारवा. पहिल्यांदा शेजारणीकडून शिका. शेण पातळ किती करायचं आणि हात कसा फिरवायचा हे बघितल्याशिवाय जमत नाही.

पोटाचं गणित

सकाळी पेज. उकडा तांदूळ मूठभर, धुऊन, पाचपट-सहापट पाण्यात चुलीवर ठेवायचा आणि विसरायचा. दाणा फुलून उमलला, पाणी पिठूळ झालं की मीठ घालून उतरवायची. वर लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. ही पेज दुपारपर्यंत भूक धरून ठेवते, आणि तांदूळ-मीठ-लाकूड यापलीकडे तिला काही लागत नाही. दुपारी भात आणि कुळथाची पिठी किंवा आमटी, बरोबर सोलकढी. रात्री नाचणीची भाकरी आणि भाजी.

परसात दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, वाल, चवळी लावा. माठ महिनाभरात काढायला येतो. वानरं येतील, जाळी लावा किंवा वानरांना न आवडणारं मिरची-अळू अधिक लावा. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्या उगवतात. वाडीतल्या बायकांबरोबर जाऊन ओळखा आणि त्यांनी हात लावला तीच भाजी घरी आणा. शेवळ या रानभाजीत आंबट घातल्याशिवाय घसा खवखवतो. रानातली अळंबी ओळखीच्या माणसाने दाखवल्याशिवाय कधीच खाऊ नका.

खर्चाबद्दल थोडकंच सांगतो. भाडं, तांदूळ, तेल, वीज, एसटी एवढाच महिन्याचा हिशेब असतो. निराळे पैसे बाजूला ठेवा ते दवाखान्यासाठी आणि कौलांच्या दुरुस्तीसाठी.

दिवस कसा जातो

पहिले दोन आठवडे जड जातात. कामं आटोपली की दुपारी काय करायचं सुचत नाही, हात फोनकडे जातो. फोन बंद करून ट्रंकेत ठेवा आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारी काढा. अनेक वाड्यांत रेंज घरात मिळतच नाही, सड्यावर चढावं लागतं. ती गैरसोय राहू द्या, बूस्टर बसवू नका.

मग हळूहळू कान उघडतात. कोतवालाची पहाटेची शीळ वेगळी, भारद्वाजाचा घुमणारा आवाज वेगळा, माडावर झावळी सळसळली ती वाऱ्याने की वानराने, हे कळू लागतं. एक जागा धरा. पाणवठ्याचा दगड, बांधावरचं आंब्याचं खोड, काहीही. रोज एकाच वेळी तिथे अर्धा-पाऊण तास नुसतं बसा. वही नेऊ नका. जागा बदलत राहिलं की डोळे नवं शोधत राहतात. एकच जागा असली की तिथली मुंगीची रांग, पानाचा बदललेला रंग, बगळ्याची येण्याची वेळ दिसायला लागते, आणि ज्यासाठी आलो ते इथून सुरू होतं. दिवसातली जड कामं सकाळी करा, ऊन चढल्यावर वाचन, उतरल्यावर फिरणं. अंधार पडला की अंगणापलीकडे जाऊ नका. बिबट्या कुत्र्यांसाठी वाडीत येतो.

समुद्रावर जाणाऱ्यासाठी

एकट्याने समुद्रात पोहू नये, एवढं एकच वाक्य या भागातलं लक्षात ठेवलं तरी पुरे. फिरायला जायचं तर भरतीची वेळ काढता आली पाहिजे, कारण खडकाच्या टोकाला गेलेला माणूस भरतीत अडकतो. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास भरती, आणि सहा-सव्वासहा तासांनी, साडेदहाच्या पुढेमागे, ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. त्या दोन दिवसांच्या आसपास उधाण असतं, पाणी फार वर चढतं आणि फार खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाण्याची चढउतार कमी. म्हणून खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला बायका उधाणाची ओहोटी धरून जातात. तुम्हीही त्यांच्याबरोबर जा. चिखल कुठे घट्ट आहे आणि कुठे पाय रुततो ते त्यांना ठाऊक असतं.

थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, बॅटरी फिरवू नका, शेकोटी पेटवू नका. उजेडाने मादी माघारी फिरते आणि पिल्लं वाट चुकतात.

साप, विंचू, ताप

राहायला गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन या. सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे विचारा. वाडीतल्या रिक्षावाल्याचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. फुरसं जांभ्याच्या दगडांखाली बसतं, लहान असतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं. लाकडाची रास हलवण्याआधी काठीने आपटा, दगड उचलताना पलीकडची कड तुमच्याकडे ओढून उचला, म्हणजे खाली असलेलं जनावर दुसऱ्या बाजूला मोकळं होतं. बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका. साप चावला तर जागा कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने करकचून बांधायची नाही. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवून, न धावता, गाडीने रुग्णालय गाठायचं. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

लाल विंचवाचा दंशही जीवघेणा ठरतो. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू खूप कमी झाले. आता हा उपचार सरकारी दवाखान्यांतही मिळतो. विंचू चावल्यावर दरदरून घाम आला, हातपाय गार पडले तर वाट बघत बसू नका.

पावसाळ्यात अनवाणी चिखलात उतरू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायाच्या चिरेतून तो शिरतो. दोडामार्ग-बांदा भागात जानेवारी ते मेपर्यंत माकडताप असतो, गोचिडीमुळे पसरतो. काजूच्या बागेत गेलात तर अंग झाकून जा आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. रानात माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. कुठलाही ताप दोन दिवसांपेक्षा अंगावर काढायचा नाही, काढा कितीही चांगला असला तरी.

आगोट

अक्षय्य तृतीयेनंतर सगळं कोकण आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामाला लागतं, तुम्हीही लागा. कौलं परतायला माणूस आधीच सांगून ठेवा, शेवटच्या आठवड्यात कोणी मोकळा सापडत नाही. नैऋत्येच्या बाजूला झापांची (विणलेल्या झावळ्यांची) किंवा ताडपत्रीची झड, म्हणजे पावसाचा आडोसा, बांधा. लाकडं फोडून पडवीत रचा, जमिनीपासून वीतभर उंच. सोडणं वेगळ्या पोत्यात. तांदूळ, डाळ, कुळीथ, मीठ, गूळ, तेल, मेणबत्त्या, काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आमसुलं, आंबोशी, फणसाचे पापड, सुकट, जवळा, सुके बांगडे कडक उन्हं दाखवून भरा. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी खाडीत किंवा व्हाळाला मिळेल तेवढीच. नेहमीची औषधं दोन महिन्यांची आणून ठेवा.

ही कामं मेच्या मध्यापर्यंत उरका. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ ला कोकण किनाऱ्याला घासून गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. वादळाचा इशारा आला की एकट्याने घरात थांबायचं नाही, पक्क्या इमारतीत, बहुधा शाळेत, वाडीबरोबर जायचं. विजांसाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, वळवाच्या दिवसांत फोन तेवढ्यासाठी चालू ठेवा.

मृग लागला की काम बदलतं. दिवस घरातच जातो. चूल विझू द्यायची नाही, कपडे तिच्यावर दोरी बांधून सुकवायचे, पुस्तकं आणि पांघरुणं आठवड्यातून एकदा उघडून धुरात धरायची. सलग मोठा पाऊस लागला तर परसामागचा उतार रोज बघा. जमिनीला नवी भेग, कलंडलेलं झाड, अचानक फुटलेला गढूळ झरा, यांपैकी एक जरी दिसलं तरी सामान न आवरता शेजारी जाऊन झोपा आणि सकाळी सरपंचांना सांगा. अशा पावसात ओढा ओलांडून दुकानाला जायचं नसतं, पेजेवर दोन दिवस निघतात.

गणपतीआधी

श्रावण संपत आला की मुंबईकर यायला लागतील आणि घरमालकही सहकुटुंब येतील. करारातच लिहून घ्या की चतुर्थीच्या आधी आठ दिवसांपासून विसर्जनापर्यंत आणि शिमग्याला पालखी घरी येते ते दिवस घर त्यांचं. तेव्हा तुम्ही एका खोलीत आवरून राहा किंवा शहरात जाऊन या. जाण्याआधी कोळिष्टकं काढा, माजघर सारवा, न्हाणी घासा, विहिरीचा दोर बदला, लाकडाची रास अर्धी तरी भरलेली ठेवा, वीजबिल भरून पावती फडताळात ठेवा. कुठलं कौल गळतं, कुठल्या वाशाला वाळवी लागली, मेमध्ये विहीर कुठवर गेली, हे एका कागदावर लिहून घरमालकाच्या हातात द्या, आणि पुढच्या वर्षाचं बोलणं त्याच बैठकीत करून घ्या.